मानाची जाकिटं

केसरबाई निवृत्त झाल्या तेव्हा वॉर्डातल्या नर्सबायांनी त्यांना साडी, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. माणसाला वेळ बघायचं कारण उरत नाही, नेमकं त्याच दिवशी त्याच्या हातात घड्याळ द्यायचं, ही रीत कुणी काढली कोण जाणे. उभा जन्म त्यांनी दवाखान्यात आया म्हणून काढला होता. त्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजानं रडणारी पोरं गप्प व्हायची आणि पेशंटभोवती जमलेले नातेवाईक जिन्याची वाट धरायचे. शिकाऊ डॉक्टरसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय खिडकी उघडत नसत.

अशा बाईला घरात सकाळ-संध्याकाळ एकच वाक्य ऐकू यायला लागलं. भांडी घासायला उठल्या की सून तेजश्री म्हणायची, "आई, तुम्ही बसा, मी करते." बाजाराची पिशवी उचलली की मुलगा दिपक म्हणायचा, "आई, तू बस, मी आणतो की." दोघंही नोकरीवाले, दोघंही गुणाचे, पोटात पाप नाही. पण माणूस आजारानं म्हातारा होत नाही एवढा घरच्यांच्या चांगुलपणानं होतो. दोन महिन्यांत केसरबाईंना गुडघे आहेत हे कळलं. तोवर त्यांना ते ठाऊकच नव्हतं.

चष्म्याची काडी बसवून घ्यायच्या निमित्तानं त्या एकदा सोलापूरच्या सात रस्ता चौकात गेल्या, तर फुटपाथवर एक टेबल, टेबलावर भगव्या रंगाची फुगीर जाकिटं आणि मागं कापडी फलक: 'भीमा जलसेवा पथक. स्वयंसेवक पाहिजेत.' टेबलामागं पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ बसल्या बसल्या डुलक्या घेत होते. त्यांना सगळे कॅप्टन गुरप्पा म्हणत. ते नौदलात होते ही गोष्ट खरी, फक्त ते जहाजावर स्वयंपाकी होते. त्यांनी हे कधी लपवलं नाही. पण सोलापूरसारख्या ठिकाणी कॅप्टन म्हणायला माणूस मिळणं मुश्कील, म्हणून लोकांनीच ती बढती देऊन टाकली होती.

"हितं काय करावं लागतं?" केसरबाईंनी विचारलं.

कॅप्टन दचकून जागे झाले. "मंद्रूपच्या पुढं सादेवाडीच्या घाटावर नाव चालती, बाई. पल्याड कर्नाटक. लोक जाकीट न घालता चढत्यात. त्यास्नी जाकीट घालाय लावायचं."

"एवढंच?"

"एवढंच म्हनू नका. दोन धट्टेकट्टे गडी चार दिवसांत पळून गेले."

"सायेब," केसरबाई म्हणाल्या, "मी जन्मभर मानसांना एनिमा घ्याय लावलाय. जाकीट काय चीज हाय?"

कॅप्टननी केसरबाईंना तिथल्या तिथं उमेदवारीवर घेतलं. महिनाभर काम बघायचं, जमलं तर पथकात, नाही तर राम राम.

घरी दिपकनं कपाळावर हात मारला. "आई, तुला पोहता तरी येतं का?"

"पवायचं न्हाय. काठावर उभं ऱ्हायचं हाय."

"मग असं करू," दिपक म्हणाला. त्याच्या ऑफिसात सगळ्या गोष्टी 'असं करू' म्हणून मिटत. "महिनाभर तू बघ. जमलं तर माझी ना नाही. पण नाही जमलं तर मग पुन्हा काही नवीन काढायचं नाही. घरात आराम करायचा."

केसरबाईंनी शब्द दिला. दिला आणि मग त्यांना कळलं की आपण काय पणाला लावून बसलो. त्या रात्री त्यांना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक फार मोठी वाटली.

दर रविवारी त्या सकाळच्या एसटीनं निघत, मंद्रूपला उतरत आणि शीटं भरली की निघणाऱ्या वडापच्या जीपनं घाटावर पोचत. घाट म्हणजे काय, उतरता चिखल, चार दगड आणि एक बाभळ. बाभळीखाली पत्र्याची पेटी, पेटीत पथकाची जाकिटं. पुण्याच्या कुणा संस्थेनं ती देणगी दिली होती आणि कॅप्टन त्यांना पोटच्या पोरांपेक्षा जास्त जपत. संध्याकाळी मोजून पेटीत ठेवल्याशिवाय ते चहासुद्धा घेत नसत.

आणि लोक? लोक जाकिटाकडे असं बघत की जणू केसरबाई त्यांना कफन दाखवतायत. एक म्हातारा म्हणाला, "मी ह्याच पान्यात पवाय शिकलो. नदी मला वळकती." एका मास्तरांची इस्त्री मोडत होती. बायकांची तक्रार अशी की एवढी चांगली साडी नेसून जायचं आणि वरनं हे गाठोडं, मग साडी नेसलीच कशाला? पण सगळ्यांच्या मनातली खरी गोष्ट एक आजी बोलून गेली, "अगं बये, बुडायचं कापड घालून नावंत बसलं की नदीला वाटतंय, हे आलंच आपल्याकडं."

केसरबाईंनी वॉर्डातला आवाज काढून बघितला. त्या आवाजानं एकेकाळी ऑपरेशनला नाही म्हणणारे पैलवान टेबलावर आडवे झाले होते. पण वॉर्डात माणूस आडवा असतो आणि घाटावर उभा, हा फरक त्यांच्या ध्यानात आला नव्हता. उभा माणूस चालू शकतो. लोक चालत पुढच्या वळणावर जात आणि तिथून नावेत चढत. नावाडी शिवू तोंडानं, "व्हय मावशी, व्हय मावशी," करी आणि गुपचूप नाव वळणावर नेई. त्याला पथकानं दिलेलं जाकीट त्यानं घडी करून बसायला घेतलं होतं. त्याच्या मते अशी मऊ वस्तू आजवर नावेत आली नव्हती.

महिना संपत आला. एका रविवारी केसरबाई बाभळीमागं डबा खात होत्या आणि पलीकडं कॅप्टन फोनवर कुणाला तरी सांगत होते, "न्हाय हो, बाई मनानं लई चांगल्या हायत. पन जमंना त्यास्नी. पुढच्या रविवारी नारळ देऊन मोकळं करू."

केसरबाईंचा घास तोंडातच राहिला. पहिला नारळ अजून घरात फोडायचा होता, तोवर दुसरा. त्यांना रडू आलं असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण आलं होतं, आणि चटणी तिखट आहे असं त्यांनी स्वतःलाच दोनदा सांगितलं.

पुढच्या रविवारी, म्हणजे शेवटच्या रविवारी, घाटावर अख्खं वऱ्हाड उतरलं. दोन टेम्पो माणसं सोडून धूळ उडवत निघून गेले. नवरदेव अभिमन्यू शेरवानीत, डोक्याला बाशिंग, तोंडावर रुमाल. त्याचे वडील महादेवप्पा हे जवळच्याच वाडीतले बागाईतदार, त्यांचा जीव उन्हानं आणि काळजीनं अर्धा झालेला. पलीकडच्या गावात मांडव होता, अक्षता बाराला होत्या, आणि पुलावरून जायचं तर तासाभराचा वळसा. नावेच्या दोन खेपा ठरल्या. आधी नवरदेव आणि पुरुष, मग बायका.

केसरबाई जाकिटं घेऊन पुढं झाल्या. तोच वऱ्हाडातून एक उंच, ठसठशीत कुंकवाची म्हातारी पुढं आली. ही बजाबाई, नवरदेवाची आत्या. ज्या लग्नात आत्या नाही त्या लग्नात भांडण नाही, आणि ज्या लग्नात भांडण नाही ते लग्न कसलं, असं मानणाऱ्या घराण्यातली.

"शुभकार्याला निघालेल्या मानसाला बुडायचं कापड घालतीस व्हय गं?" आत्यानं विचारलं.

"आत्याबाई, तसं न्हाय..."

"नवरदेवाच्या अंगाला लावून तर बघ!"

झालं. संपलं. केसरबाईंनी हात खाली सोडले. कॅप्टननी लांबून एक सुस्कारा टाकला आणि पिशवीतला नारळ चाचपला.

आणि नेमकं त्या वेळी वऱ्हाडात वेगळंच भांडण पेटलं. नावेत आधी पाय कुणी टाकायचा? नवरदेवाचे मामा म्हणाले, मान मामाचा. धाकटे चुलते म्हणाले, मामाचा मान मांडवात, पाण्यावर नाही. दोघांनी एकमेकांचा रस्ता अडवला, आणि महादेवप्पा दोघांच्या मधे हात जोडून उभे राहिले. केसरबाई बघत होत्या. आत्ता एवढ्यात बुडायला घाबरणारी माणसं बघता बघता मानासाठी एकमेकांना पाण्यात ढकलायला निघाली होती. केसरबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

त्या बजाबाईंच्या कानाशी लागल्या. "आत्याबाई, आमच्या दवाखान्यात हे कुंकवाचं नसतंय, मला काय त्यातलं कळत न्हाय. तुमच्याबिगर हितं कुनाला मान कसा करायचा ते ठाऊक हाय? कुंकू तुमी लावा, खांद्यावर मी घालते."

आत्या विरघळली. तिला कुणी 'तुमच्याबिगर' म्हटलं की ती विरघळायचीच, फक्त घरात कुणी म्हणत नव्हतं.

मग केसरबाईंनी मांडवातल्या माइकवर आहेर पुकारतात तसा आवाज लावला, "नवरदेवाचे थोरले मामा! पुढं या! मामांचा मान!"

मामा छाती काढून पुढं आले. आत्यानं टिळा लावला, केसरबाईंनी शाल पांघरावी तसं जाकीट खांद्यावर चढवलं आणि पट्टे आवळले. हलगीवाल्यानं सवयीनं दोन ठोके हाणले. वऱ्हाडात कुजबुज झाली, आणि क्षणभरात सगळ्यांचे चेहरे बदलले. मामाला मिळालं ते आपल्याला मिळणार की नाही, एवढीच आता चिंता.

"धाकटे चुलते! पुढं या!"

चुलते आले, पण टिळा लावून घेता घेता कुरकुरले, "मामाला गडद जाकीट आन आमाला फिक्कं?"

"फिक्कं न्हाय, उनानं मुरलंय," केसरबाई म्हणाल्या. "जुनं त्ये मानाचं."

चुलते खूश झाले, आणि मामा आता आपल्या गडद जाकिटाकडे संशयानं बघू लागले. एकेक करून सगळे पुरुष पुढं आले. ज्याला हाक यायला उशीर झाला तो रुसला, त्याची समजूत काढावी लागली. नवरदेवाच्या शेरवानीवर जाकीट चढलं, वर बाशिंग. महादेवप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. जाकिटांना शिट्ट्या होत्या, त्या पोरांनी शोधून काढल्या, आणि शिट्ट्या वाजवत, हलगी घुमवत भगवी नाव पाण्यात निघाली.

कॅप्टननी फोनवर इतके फोटो काढले की फोन तापला. "बाई," ते म्हणाले, "नारळ मी घरी न्हेतो. तुमी आजपासनं पथकात."

केसरबाईंना वाटलं, हे दिपकनं ऐकायला पाहिजे होतं. त्यांनी मान वळवून डोळे पुसले आणि या वेळी चटणीला दोष दिला नाही.

नाव परत आली. नावेत शिवू एकटा. बाकी नाव रिकामी म्हणजे रिकामीच.

"जाकिटं कुटं हायत?" कॅप्टननी विचारलं.

"अंगावर हायत की."

"कुनाच्या?"

"पावन्यांच्या. मी म्हनलं, काढून द्या. मामा म्हनले, आहेर हाय, आहेर परत मागाय लाज वाटत न्हाय का?" शिवूनं वल्हं ठेवलं. "बरुबर हाय की त्यांचं. टिळा लावून दिल्याव काय ऱ्हातंय?"

कॅप्टन बाभळीला टेकले, आणि तसेच घसरत खाली बसले. देणगीची जाकिटं, पावतीवर सही केलेली जाकिटं, परराज्यात आहेरात गेली होती. "बाई," ते क्षीण आवाजात म्हणाले, "मगाशी म्हनलो ते मी मागं घेतो."

तेवढ्यात मागून बजाबाईंचा आवाज आला, "आता आमचा मान कुठं हाय?"

सगळ्या बायका ओळीनं उभ्या होत्या, नटलेल्या, वाट बघत. आत्या सगळ्यांत पुढं.

"आत्या, बसा आता नावंत," बायकांसोबत मागं राहिलेला महादेवप्पांचा माणूस म्हणाला. "अक्षतांची वेळ झाली."

"बापयांना टिळा लावून लावून माजा अंगठा झिजला. आन मी तशीच जाऊ? सादी? त्या मामाच्या म्होरं?" आत्या सरळ चिखलातल्या दगडावर जाऊन बसली. "मान न्हाय तर मी न्हाय."

"बसवा हो तशाच!" कॅप्टन ओरडले. "एकच खेप! मी म्हनतो बसवा!"

"न्हाय," केसरबाई म्हणाल्या. "जाकीट न्हाय तर नाव न्हाय. तुमीच शिकवलंय."

अशा रीतीनं जाकिटाशिवाय नावेत पाय टाकायचा नाही, यावर घाटावर प्रथमच एकमत झालं. फक्त त्यामुळं लग्न अडलं होतं, आणि ते केसरबाईंनी अडवलं होतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांना दिपकचा चेहरा दिसला, शब्दाची आठवण न करून देता नुसता हसणारा, आणि तो त्यांना सगळ्यांत वाईट वाटला.

"मी आनते," त्या म्हणाल्या.

त्या आजवर नावेत बसल्या नव्हत्या. पाण्याची त्यांना भीती वाटायची, अगदी हौदाचीसुद्धा. त्यांनी कॅप्टनच्या अंगावरचं त्यांचं स्वतःचं जुनं जाकीट उतरवून घेतलं, शिवूला बसलेल्या जाकिटावरून उठवलं आणि ते त्याच्या अंगात घालायला लावलं. मग डोळे मिटून त्या नावेत बसल्या. पहिला हेलकावा बसला तेव्हा त्यांनी शिवूचा दंड असा धरला की त्याला एका हातानं वल्हवावं लागलं, आणि नाव थोडा वेळ नुसती गोल फिरली. "मावशी, सोडा की," तो म्हणाला. "नाव पुढं जाईना." मध्यावर केव्हातरी त्यांनी एक डोळा उघडला. पाणी सगळीकडं होतं, आणि त्या अजून वरच होत्या. त्यांनी दुसरा डोळाही उघडला.

पलीकडच्या काठावर मुलीकडची मंडळी वऱ्हाडाभोवती जमली होती. मामा भगव्या जाकिटात घामानं निथळत होते, पण बक्कल सोडायला तयार नव्हते. मुलीच्या काकांचं आधीच विचारून झालं होतं की असला आहेर आमच्या बाजूला का नाही, आणि त्यांचं तोंड लहान झालं होतं.

केसरबाईंना बघताच मामा म्हणाले, "आहेर मागाय आलेली बाई मी पयल्यांदाच बघतोय."

सगळे हसले. केसरबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगून टाकावं, की हा आहेर नव्हता, मी युक्ती केली होती? मग ह्या सगळ्यांचा मान भर काठावर खोटा ठरला असता, आणि लग्नाचं काय झालं असतं ते कुणी सांगावं.

"मागत न्हाय मी," त्या म्हणाल्या. "एकच इचारते. मामा, आजवर तुमाला लग्नात टावेल-टोप्या कितीक मिळाल्या असतील?"

"ढीगभर," मामा अभिमानानं म्हणाले.

"त्यातल्या अंगाला किती लावल्या?"

मामा बक्कल चाचपू लागले. चुलते मात्र खुदकन हसले. "लावतोय कुठला! मागल्या लग्नात मला दिलेला टावेल माजाच व्हता. कोपऱ्यात माज्या सासऱ्याचं नाव हाय अजून."

मग हशा असा उठला की मुलीकडचेही त्यात आले, कारण ही गोष्ट नदीच्या दोन्ही काठांना सारखीच होती. तुझा टॉवेल माझ्याकडं, माझा त्याच्याकडं, आणि पाच वर्षांनी घडी न मोडता पुन्हा तुझ्याकडं. खण तर इतकी गावं फिरतात की त्यांना एसटीचा पास द्यावा.

"मंग?" केसरबाईंचा आवाज आता चढला. हा वॉर्डातला आवाज नव्हता, हा नवाच होता, त्यांनाही माहीत नसलेला. "आहेर कुनी घरात ठेवतंय का? आहेर फिरता ठेवायचा असतोय. तुमचा मान तुमाला मिळाला, टिळा कपाळाव हाय, तो कुनी काढून घेत न्हाय. पन तिकडं तुमच्या भैनी, बायका उनात हुब्या हायत. बजाआत्या दगडाव रुसून बसल्यात. त्यास्नी आहेर कुनी करायचा? मी? मी कोन? तो तुमचा मान हाय."

बजाआत्या रुसली म्हटल्यावर महादेवप्पांनी आधी स्वतःचं बक्कल सोडलं. "हे माज्याकडनं माज्या भैनीला," ते म्हणाले. मामांनी ते बघितलं. मामा काही कमी नव्हते. "आन हे आमच्या मंडळीला, माज्याकडनं! तिलाच द्या, दुसऱ्या कुनाला न्हाय!" बघता बघता सगळी जाकिटं नावेत आली, प्रत्येकावर एक नाव आणि एक बजावणी. नवरदेवानं आपलं आईसाठी दिलं. केसरबाई परतीच्या वाटेवर पाण्याला घाबरायचंच विसरल्या, कारण कुणाचं कुणाला हे तोंडपाठ ठेवता ठेवता त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता.

बजाबाईंनी भावाचं जाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं. "महादेवप्पानं सोताचं काढून धाडलं?" त्या म्हणाल्या. आणि मग एवढी दांडगी म्हातारी पदरानं तोंड झाकून रडली. तिला माहेरचं काही मिळून बरीच वर्षं झाली होती. अक्षता बाराच्या ठिकाणी पावणेएकला पडल्या, पण त्या गावात आजवर त्याहून लवकर कुठल्याच लग्नात पडल्या नव्हत्या.

मग काय झालं ते कुणी ठरवलं नव्हतं. बायकांनी पलीकडं उतरून आपापली जाकिटं काठावर थांबलेल्या उतारूंच्या अंगावर घातली, कारण आहेर पुढं करायचा असतो. त्या उतारूंनी अलीकडं येऊन ती पुढच्यांना घातली. पुढच्या रविवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. नावेतून उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला स्वतःच्या हातानं जाकीट घालायचं, ही सादेवाडीच्या घाटाची रीतच होऊन बसली. आपण केलेला आहेर ढिला राहिला तर अब्रू आपली जाते, म्हणून लोक पट्टे असे आवळत की चढणाऱ्याला दोन घटका बोलता येत नसे. ज्या मास्तरांची इस्त्री मोडत होती ते आता, आपल्याला कुणी घातलं नाही म्हणून, मागं वळून बघत उभे राहत.

कॅप्टननी केसरबाईंना शाबासकी द्यावी की जाब विचारावा हे न कळून उमेदवारी आणखी एक महिना वाढवली होती. तोही संपला. त्या रविवारी दिपक आईला न्यायला मोटारसायकल घेऊन स्वतः आला. घाटावरचं दृश्य बघून तो चकित झाला.

"तुमच्या आईंनी कमाल केली बघा," कॅप्टन त्याला म्हणाले. मग खाकरून म्हणाले, "पन आता खरं सांगायचं तर... लोक आपसातच एकमेकांस्नी घालत्यात. हितं मानसाची गरजच उरली न्हाय. बाईंनी उगं उनातानात कशाला यायचं?"

"तेच मी म्हणतोय," दिपक म्हणाला. "आई, झालं ना आता? जिंकलीस तू. चल."

आपणच आपलं काम इतकं चोख केलं की आपल्याला जागा उरली नाही, हे केसरबाईंना कळत होतं, आणि ते पहिल्या नारळापेक्षा जास्त लागलं. त्यांनी डबा पिशवीत घातला, पदर खोचला आणि त्या मोटारसायकलीकडं चालू लागल्या.

पलीकडच्या काठावर गलका उठला. कॅप्टननी शिट्टी वाजवली, कुणी ऐकलं नाही. थोड्या वेळानं शिवू रिकामी नाव जीव खाऊन वल्हवत आला.

"मावशी! चला लौकर! गाडं अडलंय!"

"काय झालं?"

"सादेवाडीचा एक गडी उतरला, आन चढाय पयल्या नंबराला त्याचा चुलतभाऊ! बांधावरनं भांडान, बोलनं न्हाय, चालनं न्हाय. ह्यो म्हनतोय त्याला मी घालनार न्हाय, त्यो म्हनतोय ह्याच्या हातचं मी घेनार न्हाय. मागं अख्खी रांग खोळंबली. एकानं भांडान सोडवाय हात घातला तर त्याच्याच साडूसंगं जुंपली."

"पुढच्या मानसाला घाला म्हनावं!" कॅप्टन म्हणाले.

"म्हनलं की. पुढच्यानं इचारलं, उष्टा मान मी कशाला घिऊ?"

नौदलात असताना असला प्रसंग कॅप्टनवर आला नव्हता. त्यांनी केसरबाईंकडे बघितलं, मग जमिनीकडे, आणि शेवटी ते म्हणाले, "बाई, तुमाला जावं लागंल. आन पुढच्या रविवारी बी यावं लागंल. ही मानसं दर आठवड्याला कुनाशी तरी भांडत्यातच."

"उमेदवार म्हनून?" केसरबाईंनी विचारलं.

"पथकातल्या म्हनून."

केसरबाई नावेकडं निघाल्याच होत्या. शिवूनं आपल्या अंगातलं जाकीट काढायला घेतलं, त्या त्याच्यावर खेकसल्या, मग कॅप्टननी मुकाट्यानं आपलं दिलं. त्यांनी ते अंगात घातलं, पण मागचा पट्टा वळला होता, हात पुरेना. नावेतून उतरलेलं कुणी नव्हतं. काठावर होता तो एकटा दिपक, हातात मोटारसायकलीची किल्ली घेऊन.

त्यानं किल्ली खिशात टाकली, बूट घालूनच चिखलात उतरला, आईच्या मागं जाऊन पट्टा सरळ केला आणि बक्कल लावलं.

"घट्ट झालं का, आई?"

"आजून एकदा वड," केसरबाई म्हणाल्या. "आन घरी जा आता. मला वेळ लागंल."

दिपकनं पट्टा आणखी एकदा ओढला आणि नाव पाण्यात ढकलली.